अ‍ॅडमिन चुडीवाली

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांविषयी माझं मत चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी सिंदेवाहीच्या कोर्टात वकिली करतो, म्हणजे भांडणांवरच माझं पोट आहे; पण ग्रुपवरची भांडणं फुकटची. वकिलांचा, कॉलनीचा, सासुरवाडीचा असे सगळे ग्रुप मी म्यूट करून ठेवलेत. सकाळी उठून कुणाच्या तरी गुलाबाच्या फुलाला हात जोडायचे, हे आपल्याच्यानं होत नाही. तरी एक ग्रुप असा आहे की ज्यात मी नाही, मला कुणी घेणारही नाही, आणि ज्याचा मला मनापासून अभिमान आहे. त्याचं नाव ‘सांभाळून जा बाया’. तो चालवते साबिराबाई चुडीवाली.

साबिराबाईला आमच्या तालुक्यात ओळखत नाही असं घर नसेल. नवरा कय्यूमभाई गाद्या-रजया भरतो. ती स्वतः आठवडी बाजारात चुड्यांचं दुकान मांडते आणि उरलेले दिवस लूनाच्या मागं पेटी बांधून जंगलाकडच्या टोल्यांवर, म्हणजे वाड्यावस्त्यांवर, फिरते. अंगानं बारीक, आवाज मात्र असा की चौकातून हाक मारली तर तहसीलपर्यंत जावी. बांगडी भरताना बाईचा हात साबणाच्या फेसात आणि साबिराबाईच्या हातात असतो. हात असा दुसऱ्याच्या हवाली केला की माणूस आपसूक बोलायला लागतं. त्यामुळे कुणाची सून रुसली इथपासून वाघ कुठल्या नाल्यात बसलाय इथपर्यंत सगळं तिला आधी कळायचं.

वाघाची बातमी आमच्याकडे चैनीची गोष्ट नाही. पर्यटकांना तो दिसला की ते जिप्सीत उभं राहून टाळ्या वाजवतात. आमच्या बाया उन्हाळ्यात उजाडायच्या आत मोहफुलं वेचायला जातात, झाडाखाली वाकून. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं. म्हणून कालच्या संध्याकाळी तो कुठल्या बाजूला गेला, हे माहीत असणं आणि नसणं यात जिवाचा फरक आहे. साबिराबाई ही बातमी वर्षानुवर्षं लूनावरून या टोल्याची त्या टोल्याला पोचवत होती, बांगड्यांसोबत आणि फुकट.

मग बायांच्या हाती फोन आले. वांझरटोल्याच्या शकुबाईची मुलगी नीलिमा तेव्हा नर्सिंग शिकत होती. ती म्हणाली, “चाची, लूनाचं पेट्रोल काऊन जाळता? ग्रुप बनवू.” तिनं साबिराबाईच्या फोनवर ग्रुप काढून दिला, नाव साबिराबाईनं ठेवलं.

पहिल्या महिन्यात त्या ग्रुपची जी दशा झाली ती सांगायला नको. देवाचे फोटो आले, सुविचार आले, कुणाच्या तरी नवऱ्यानं प्रचाराचं गाणं टाकलं. एके दिवशी कुठल्या तरी परक्या राज्यातला वाघाचा व्हिडिओ कुणीतरी ‘आपल्याच नाल्यावर, आत्ताच’ म्हणून टाकला आणि चार टोल्यांच्या बाया मोहाच्या भर हंगामात घरी बसल्या. फुलं उन्हात सुकून गेली. पुढच्या खेपेला बातमी खरी होती, तर कुणी ऐकेना. तेव्हा साबिराबाई घाबरली. ती मला म्हणाली, “वकीलभाऊ, खोटी खबर एकच डाव फसवत नाई. मंगची खरी खबर बी मारून टाकते.”

ती चिडली की शहाणी होते, हे मी पाहिलेलं आहे. नीलिमाला सोबत घेऊन तिनं ग्रुप उलटापालटा केला. बोलायचं फक्त अ‍ॅडमिननं, बाकीच्यांनी ऐकायचं. तशी सोय फोनमध्ये होतीच. प्रत्येक टोल्याची एक अ‍ॅडमिन. सरपंचीण नाही, बचत गटाची अध्यक्ष नाही, तर जिचं घर टोल्याच्या शेवटाला, जंगलाच्या वाटेवर आहे ती. वांझरटोल्याची अर्थातच शकुबाई झाली. लिहायचं नाही, आवाजात सांगायचं, कारण निम्म्या बायांना वाचता येत नाही आणि आवाज कुणाचा हे सगळ्यांना ओळखू येतं. आधी आपलं नाव, मग गाव, मग जागा. जे डोळ्यानं पाहिलं तेच, ऐकीव काही नाही. आणि प्रत्येक मेसेज एका दिवसानं आपोआप मिटायचा, कालच्या वाघानं आजची वाट अडवू नये म्हणून.

मी वीस वर्षं कायदा कोळून प्यायलोय असं समजत होतो, पण इतका आटोपशीर कायदा मी क्वचितच पाहिला. एकही कलम नाही, दंड नाही, तरी सगळं सुतासारखं सरळ. चारदोन बटणांनी जे झालं ते पोलिसांच्या भोंग्यानं झालं नसतं.

पोलिसांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. एका निवडणुकीच्या सुमारास ठाण्यातून सगळ्या अ‍ॅडमिनांना नोटिसा गेल्या. आपल्या ग्रुपवर आक्षेपार्ह काही आलं तर आपणास जबाबदार धरण्यात येईल, वगैरे. साबिराबाई ती नोटीस पदरात गुंडाळून माझ्याकडे आली. मी तिला धीर दिला. म्हटलं, दुसऱ्यानं काही टाकलं म्हणून नुसती अ‍ॅडमिन आहे एवढ्यानं बाई गुन्हेगार होत नाही, असं वरच्या कोर्टांनी सांगितलेलं आहे. अ‍ॅडमिनच्या हातात काय असतं? कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं. दुसऱ्याचं तोंड ती कसं धरणार?

ती म्हणाली, “थे पैले होतं वकीलभाऊ. आता अ‍ॅडमिनले दुसऱ्याचा मेसेज पुसाचं बटन आलं नं.”

मी म्हटलं, “बटण आलं म्हणून कायदा लगेच बदलत नाही. कायदा बटणाच्या मागनं चालत येतो, त्याला वेळ लागतो.”

“कायद्याले वेळ लागू द्या,” ती म्हणाली. “बटन तं माह्या हातात आहे. कोर्टानं मले सोडलं म्हणून मी सोडू का?”

मी चहा मागवला. दुसरं काय करणार.

आता ज्या दिवसाविषयी सांगायचं आहे तो दिवस. मोहाचा हंगाम संपत आलेला. बाजाराचा वार. साबिराबाई एका नव्या नवरीचा हात धरून बसली होती. बांगडी मुठीच्या सांध्यावर असताना ती फोनकडे बघत नाही. काच तिथंच फुटते. बांगडी सरकली, तिनं हात पुसला आणि ग्रुप उघडला. आवाज नव्हता, फोटो होता. या ग्रुपवर फोटो कधी येत नसे.

पानांच्या सड्यावर एक बाई पडलेली होती. अधिक लिहीत नाही. टाकणाऱ्यानं तिच्या चेहऱ्यावर हात जोडलेलं चित्र चिकटवलं होतं, म्हणजे ओळख पटू नये. पण उजवा हात मोकळा पसरलेला होता. त्यात हिरव्या बांगड्या, सोन्याची बारीक रेघ असलेल्या. साबिराबाईनं त्या होळीला स्वतः भरल्या होत्या. हा हात कामानं ताठरलेला, साबण लावून लावून बांगडी चढवावी लागे. ती शकुबाई होती.

साबिराबाईनं सगळ्यांच्या फोनवरून मेसेज पुसून टाकला. मग तिला भान आलं की हा फोटो जिनं बघता कामा नये ती याच ग्रुपमध्ये आहे. नीलिमा आता नागपूरच्या एका दवाखान्यात नोकरीला होती, आणि गावची खबर ऐकू यावी म्हणून तिनं ग्रुप सोडला नव्हता. होळीला आली तेव्हा त्या रेघेच्या बांगड्या तिनंच पसंत केल्या होत्या, मायलेकींनी सारख्याच भरल्या होत्या. चेहरा झाकला काय आणि न झाकला काय. आमच्याकडे बाईला हातावरून ओळखतात, आणि पोटच्या पोरीला तर स्वतःच्या मनगटाकडे बघितलं तरी पुरे होतं.

फोटो आला होता बोथलीटोल्याची अ‍ॅडमिन सुकरी हिच्या फोनवरून. साबिराबाईनं फोन लावला तर उचलला तिच्या मुलानं, लोकेशनं. लोकेश बायकापोरांचा माणूस, ट्रॅक्टर चालवतो, वागायला वाईट नाही. ओरडा ऐकून सगळ्यात आधी तोच नाल्यावर धावला होता. आईचा फोन खिशात होता, कारण आमच्याकडे फोन बाईचा असला तरी घराचा असतो. चुलीसारखा, ज्याला लागेल तो वापरतो. साबिराबाईनं ग्रुपची इतकी राखण केली, पण एक फोन म्हणजे एक माणूस हे तिनं धरून चालावं, ही चूक झाली खरी. व्हॉट्सअ‍ॅप कंपनीच्या इंजिनिअरांचीही तीच.

“चाची, मी नियमानंच टाकला,” लोकेश म्हणाला. “डोळ्यानं पाह्यलं तेच टाकलं. बाया तिकडं जाऊ नये म्हणून. तोंड बी झाकलं.”

“हात नाई झाकला, बाबू,” साबिराबाई म्हणाली. “अजून कुठी टाकला?”

त्यानं दोन ठिकाणी टाकला होता, टोल्याच्या पोरांच्या ग्रुपवर आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या. तिनं त्याला फोनवरच उभं धरून दोन्हीकडून पुसायला लावलं. तो रडायला लागला होता. मग म्हणाला, “माह्यावर केस होते का?” ती म्हणाली, “केस वकीलभाऊ पाहीन. तू आंधी पूस.”

यानंतर तिचा मला फोन आला. बातमी ऐकून मी हादरलो, आणि हादरलेला वकील पहिल्यांदा पुस्तकातलं बोलतो. मी म्हटलं, “पुसू नका, पुरावा आहे तो.” ती म्हणाली, “पुसला.” मी चिडलो. म्हटलं, बाई, उद्या तक्रार द्यायची झाली तर दाखवणार काय?

“तक्रार देणारी नागपूरले आहे,” ती म्हणाली, “आन् तिले अजून मायचं समजलं नाई. पुराव्यासाठी थे पाहू देऊ का तिले?”

 मी ठाण्यात फोन केला. तिथला हवालदार भला माणूस, त्यानं लागलीच तालुक्यातल्या ग्रुपांवर ताकीद फिरवली, की नाल्यावरचा फोटो कुणी पुढं पाठवला तर गाठ माझ्याशी आहे. पुरुषांच्या ग्रुपांवर त्याचा परिणाम झाला, खोटं कशाला बोलू. भीतीचंही काम असतं. पण तोवर फोटो किती फोनांत उतरला होता हे देवालाच ठाऊक. एका वेळी ढीगभर लोकांना पाठवता येऊ नये म्हणून त्या कंपनीनं अडथळे घातलेत, पण ते कुंपणासारखे आहेत, आडवाटेनं जाणारा जातोच.

राहिल्या बायका. त्यांना ताकीद नव्हे, सांगणं हवं होतं: फोटो पुसा, पोराबाळांचे फोन बघा, आणि नीलिमाला कुणी काही पाठवू नका. एरवी साबिराबाईनं बटण दाबून एका दमात सगळ्यांना सांगितलं असतं. आज सांगता येत नव्हतं, कारण ऐकणाऱ्यांत नीलिमा होती. तिला ग्रुपमधून काढावं तर तिच्या फोनवर ओळ उमटणार, साबिराबाईनं तुम्हाला काढलं म्हणून. ज्या फोननं इतकी वर्षं साथ दिली त्यानं आज तोंड बांधून टाकलं होतं. तिनं दुकानावर चादर ओढली आणि एकेका अ‍ॅडमिनला फोन लावायला सुरुवात केली. त्या अ‍ॅडमिननं आपल्या टोल्यात घरोघरी जायचं, फोन हातात घेऊन फोटो स्वतः पुसायचा. भर उन्हात बाया निघाल्या. सुकरी तर चपला न घालता निघाली, असं मला नंतर कळलं.

शकुबाईचा नवरा लटारूभाऊ नाल्यावरच बसून होता, वनखात्याची माणसं पंचनामा करत होती. घरच्यांनी ठरवलं होतं की नीलिमाला एवढंच कळवायचं, आईची तब्येत बिघडली, निघून ये. दूरच्या माणसाला आमच्याकडे असंच कळवतात. बसमध्ये एकटं माणूस रडत येऊ नये, ही त्यातली माया. चुलता फोन करणार होता. त्याच्या आधी नीलिमाचाच फोन साबिराबाईला आला.

ती दुपारच्या सुट्टीत जेवायला बसली होती. ग्रुप उघडला तर एक ओळ दिसली: हा मेसेज अ‍ॅडमिन साबिरा यांनी डिलीट केला. फोन मेसेज पुसतो, पण पुसल्याची खूण ठेवतो. हा ग्रुप नीलिमानंच उभा केलेला. इतक्या वर्षांत तिथं कुणाचा मेसेज पुसायची वेळ आली नव्हती.

“चाची,” ती म्हणाली, “काय डिलीट केलं तुमी?”

साबिराबाईनं मला हे सगळं पुढं सांगितलं तेव्हा ती या ठिकाणी थांबली होती. ती म्हणाली, मले दोन वाटा होत्या. चुकून गाणं आलं होतं म्हणून पुसलं, म्हणता आलं असतं. घरच्यांचाही तसाच विचार होता. पण मग पुढं त्या ग्रुपवर मी काय तोंडानं म्हणू, खरं तेच बोला?

तिनं नीलिमाला विचारलं, “तुह्या बाजूले कोणी आहे का?”

“करिष्मा आहे. संगंच काम करते.”

“तिले तुह्या जवळ बसव. अन् बस तू बी.”

“बसली आहो.”

“एक फोटो आला होता, बेटा. थो तुह्या पाहाचा नवता म्हणून मी पुसला.”

 मग नीलिमानं अगदी हळू विचारलं, “माह्या आईचा?”

“हो,” साबिराबाई म्हणाली. “आपली शकू गेली. मोहावर. वाघानं.”

ती फोन ठेवून मोकळी झाली नाही. पलीकडचं रडणं ओसरेपर्यंत तिनं फोन कानाला धरून ठेवला. मधे करिष्माशी बोलली, तिनं सोबत यायचं कबूल केलं. बाजारात गिऱ्हाइकं येऊन परत जात होती. शेजारचा भाजीवाला लहानू सांगतो की बाई मधून मधून फक्त ‘हो बेटा, आहे मी’ म्हणत होती.

दिवस मावळता नीलिमा आणि करिष्मा गावी पोचल्या. साबिराबाई बस थांब्यावर उभी होती. वाटेत, अंगणात, ओसरीवर माणसंच माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, पण एकही फोन तिच्यापुढं आला नाही. मी तिथं होतो, मी बघत होतो. मला त्या गर्दीविषयी इतका आदर कधी वाटला नव्हता. एरवी जिथं मढ्यापेक्षा फोटो आधी पोचतो, तिथं पंचक्रोशीनं एका मुलीसाठी हात आखडता घेतला. ताकीद, बटण, सगळं खरं. पण ते बायांच्या पायांनी पुरं झालं.

पुढं मी नीलिमाला विचारलं, लोकेशविरुद्ध तक्रार द्यायची का. तिनं नाही म्हटलं. तोवर लोकेश आपणहून घरोघरी फिरला होता, ट्रॅक्टरवाल्यांच्या फोनांतून फोटो काढत. काहींनी शिव्या घातल्या, काहींनी दिले फोन. साबिराबाईनं ग्रुपचा नियम वाढवला: अ‍ॅडमिनचा फोन तिच्याच बोटानं उघडला पाहिजे, मुलाच्या नाही, नवऱ्याच्या नाही. यावरून दोनचार घरांत कुरबूर झाली असं ऐकतो. होऊ द्या. बाईचा फोन बाईचा झाला, हे काही थोडंथोडकं नाही.

तेरवीला मी पुन्हा वांझरटोल्याला गेलो. जेवणं उरकल्यावर ओसरीत साबिराबाई आणि नीलिमा बसल्या होत्या, मीही टेकलो.  नीलिमा एकदम म्हणाली, “चाची, लोकं म्हणतात फोटो लय वाईट होता. मले तं आई दिसते थे मोह वाळवत बसलेली. पदर खोचून, कोंबड्या हाकलून राह्यली. डोळे मिटले का थेच दिसते. तुमी नाई पाहू दिलं म्हणून.”

साबिराबाईनं मान हलवली.

मग नीलिमानं विचारलं, “अन् तुमाले, चाची? तुमाले काय दिसते?”

साबिराबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. अंगणात लटारूभाऊ पत्रावळी उचलत होता, त्याच्याकडे ती बघत राहिली.

“पुसाचं म्हटलं तं आंधी पाहा लागते, बेटा,” ती म्हणाली.